मामीच्या हाताचं माप

१९ ऑगस्ट

चि. भुंगीस मामाचे आशीर्वाद,

फोनवर मी ओरडतो असं तूच म्हणतेस. आज जे विचारायचंय ते ओरडून विचारण्यासारखं नाही, म्हणून पत्र.

तू तिथे प्रयोगशाळेत धातू वितळवतेस ना? तुझ्या कामाबद्दल मी आजवर कधी काही विचारलं नाही. तुझी मामी विचारायची, आणि मग जेवताना मला समजावून सांगायची, जणू काही भट्टी तिनेच पेटवली होती. मी पडलो हातमोजे शिवणारा, चामड्यापलीकडे माझी अक्कल चालत नाही. पण आता काम पडलंय. अडला हरी, भाचीचे पाय धरी.

दुकानाच्या माळ्यावर मामीच्या उजव्या हाताचा प्लास्टरचा साचा आहे, तू पाहिला असशील. छताला नक्षी करणाऱ्या आपल्या शेजाऱ्याने केला होता. मधल्या मापाचा प्रत्येक मोजा मी तिच्या हातावर चढवून बघायचो, आणि ती कावायची. "तुमच्या मोज्यांपायी माझं दूध उतू जातं. धातूचा एक हात करून ठेवा आणि मला सोडा!" म्हणून साचा झाला. पण ओतायचं राहिलं ते राहिलंच. खरा हात हाकेच्या अंतरावर असताना खोटा कोण करत बसतो?

आता खरं सांगतो, हसू नकोस. मला तिचा चेहरा दिसतो. आवाज ऐकू येतो. पण तिचा हात आठवत नाही. म्हणजे डोळ्यांना आठवतो गं, माझ्या हाताला आठवत नाही. सकाळी अंथरुणात तळवा उघडून बसतो, वाट बघतो, आणि त्यात काही येत नाही. जन्मभर धरलेला हात, ती गेल्यावर वर्षभरात विसरतो म्हणजे काय? मला भीती वाटते भुंगे. म्हणून तो साचा ओतून घ्यायचा आहे.

आधी रंगीत तालीम म्हणून शेजाऱ्याकडून माझ्याच हाताचा साचा केला आणि कथील वितळवून ओतलं. दिसायला झकास. पण माझा मोजा त्यावर चढवला तर ढिला! आणि तळव्याच्या मध्यावर एक खळगा पडलेला, जो माझ्या हातावर नाही. शेजारी म्हणतो, म्हातारपणी हात झिजला असेल. मी त्याला म्हटलं, झिजली असेल तुझी जीभ. माझ्या हाताचं माप मला माहीत आहे.

मामीचा साचा एकच आहे. बोटं जरा वाकलेली आहेत. तिचा मऊ हात निसटून बाहेर आला, पण धातूचा काढायचा तर साचा फोडावाच लागणार. एकदाच ओतता येईल. चुकलं की संपलं. काय करू ते सांग.

तुझा मामा

२६ ऑगस्ट

प्रिय मामा,

तुझं पत्र मी भट्टीच्या खोलीत वाचलं. दुपारी तिथे कुणी नसतं. ऊब असते, यंत्राची टकटक असते, आणि खिडकीतून येणारं ऊन हळूहळू टेबलावरून सरकत जातं. पत्र वाचून झालं. मग माझाही तळवा उघडून बघितला. मला आठवतो तिचा हात, पण तो माझी वेणी घालणारा हात आहे. तुझा वेगळा असणार.

तुझा हात झिजलेला नाही. कथील आकसलं. गंमत अशी की तू जे विचारलंस तेच माझं पोटापाण्याचं काम आहे. धातू वितळताना त्याची घनता किती बदलते, हे मी दिवसभर मोजते. घनता म्हणजे ठरावीक जागेत माल किती दाटीने बसलाय ते. वितळला की बहुतेक धातू सैल होतो, जास्त जागा घेतो. गोठताना परत अंग चोरून बसतो. तू साचा काठोकाठ भरलास तो सैल कथलाने. ते गोठताना आखडलं. बाहेरची बाजू आधी घट्ट झाली, मधला भाग शेवटी, आणि तेव्हा भरून काढायला काही उरलंच नव्हतं. म्हणून खळगा.

हे मोजतात कसं, ते मामीला मी सांगितलं होतं, तुलाही सांगते. भट्टीत धातूचा पेला. एका बाजूने किरण सोडायचे, दुसऱ्या बाजूला ते मोजणारं यंत्र. माल दाट असेल तर किरण अडतात, यंत्र हळू टकटकतं. सैल झाला की जास्त किरण पार होतात आणि टकटक वाढते. डोळ्यांना काहीच दिसत नाही मामा. पेला तसाच, भट्टी तशीच. आणि एकदम टकटक पळायला लागते, की समजायचं, वितळलं. मला दर वेळी वाटतं की आत कुणीतरी कूस बदलली.

पण एक धातू उलटा वागतो. बिस्मथ. तो वितळताना दाटतो आणि गोठताना फुगतो, पाण्याचा बर्फ फुगतो तसा. आकसणारा आणि फुगणारा एकत्र केले तर कुठेतरी फिटंफाट होणारच. ते "कुठेतरी" मी शोधते. तोवर मामीच्या साच्याला हात लावायचा नाही. माझी शपथ आहे.

भुंगी

४ सप्टेंबर

चि. भुंगीस,

बिस्मथ आवडला मला. सगळे थंड झाले की हा फुगतो! आमचे वडील असेच होते. घरातलं भांडण मिटलं, सगळे निवांत बसले की मग ते रागवायला सुरुवात करायचे.

मग नुसता बिस्मथच ओतला तर? सूतभर मोठा झाला तर झाला, जरा कानस मारू.

तुझं पत्र आल्यापासून स्वप्नं पडतात. काल दुपारी दुकानात डोळा लागला. दोरीवर मोजे वाळत टांगले होते, आणि वाटलं की ते एकेक भरत चाललेत. बोटं टच्च होतायत. मी प्रत्येकाला हात लावून बघतोय, हा नाही, हा नाही. मग गिऱ्हाईक आलं. बाई चांगली होती, म्हणाली, झोपा, मी उद्या येते. मामी असती तर तिने त्या बाईला बसवून चहा दिला असता आणि मला चिमटा काढून उठवलं असतं.

कुठलीही घाई नाही. पण लवकर कर.

मामा

२० सप्टेंबर

प्रिय मामा,

कानस? मामीच्या हाताला कानस मारणार तू? कमाल आहे तुझी!

आणि नुसत्या बिस्मथचं नावही काढू नकोस. आमच्याकडे बिस्मथ वितळलेला असतानाच पेल्यातून ओतून काढायचा, हा पहिला नियम आहे. मी नवीन मुलांना हाच नियम घसा फोडून शिकवते. आणि परवा तुझ्याच विचारात होते, भट्टी बंद केली, पेला तसाच आत राहिला. सकाळी येऊन बघते तर काचेसारखा तो महागडा पेला उभा चिरलेला आणि बिस्मथ मधून डोकं वर काढून बसलेला. गोठताना फुगला आणि घर फोडून बाहेर आला. तुझ्या साच्याचं हेच झालं असतं, तेही ओतताना, बोटं अर्धवट असताना.

आमच्या मोठ्या बाई, म्हणजे विभागाच्या प्रमुख, फार शिस्तीच्या. पेल्याचे तुकडे बघून त्यांनी मला चांगलं फैलावर घेतलं. "लक्ष कुठे असतं तुमचं?" मी म्हटलं, मामीच्या हातात. आणि मग सगळं सांगून टाकलं. त्या ऐकत राहिल्या. जाताना दारात थांबून म्हणाल्या, "दुपारी भट्टी रिकामीच असते. कथील-बिस्मथचं कोष्टक तसंही नव्याने मोजायला हवंय." मामा, ते कोष्टक मुळीच नको होतं कुणाला.

आता रोज दुपारी मी मिश्रणं वितळवते. कथील जास्त, बिस्मथ कमी. मग थोडा बिस्मथ वाढवायचा. कथील वितळताना टकटक पळते, बिस्मथ वितळताना मंदावते, आणि मला अशी जागा हवी आहे जिथे टकटक जवळजवळ आहे तशीच राहील. घट्टाचं पातळ झालं, आणि मोजणाऱ्या यंत्राला पत्ताच नाही. डोळे मिटून ऐकत बसते. कधी कधी ऐकता ऐकता मामीचं गुणगुणणं येतं मध्ये, ती सुईत दोरा ओवताना करायची ते.

तू एक कर. साच्यात कोरडी मोहरी भर, मग ती मापाच्या भांड्यात ओतून किती झाली ते कळव. म्हणजे किती धातू पाठवायचा ते ठरेल. पाणी अजिबात भरू नकोस.

भुंगी

१८ ऑक्टोबर

प्रिय मामा,

मोहरीचं माप मिळालं. आणि मिळाली बघ ती जागाही!

अर्ध्याहून थोडा जास्त बिस्मथ, बाकी कथील. पहिल्यांदा झालं तेव्हा मला वाटलं यंत्र बिघडलं. डोकावून बघते तर पेल्यात आरसा. वितळून गेलं होतं सगळं, आणि टकटक आपली तशीच, संथ, जशी काही घडलंच नाही. मी मोठ्या बाईंना बोलावलं. आम्ही दोघी शेजारी उभ्या राहून ऐकत होतो. त्या हळूच म्हणाल्या, "असं जाता आलं पाहिजे." कुणाबद्दल म्हणाल्या ते मी विचारलं नाही.

खात्री म्हणून माझ्या बोटाचा साचा करून ओतला. माझी अंगठी त्या धातूच्या बोटावर चढवली. ज्या पेरावर माझ्या बोटात अडते, तिथेच अडली.

सोबतच्या पार्सलमध्ये धातूच्या वड्या आहेत. तुझ्या स्वयंपाकघरातल्या शेगडीवर आरामात वितळतील, उकळत्या पाण्याहून थोडीच जास्त उष्णता लागते. साचा मात्र आधी चांगला वाळव, शेगडीजवळ बरेच दिवस ठेव. प्लास्टरमध्ये ओल राहिली तर धातू उसळेल. मनगटाकडून ओत, बोटं खाली. सावकाश, एकाच धारेत. आणि झालं की मला लगेच कळव. लगेच म्हणजे लगेच.

भुंगी

१५ नोव्हेंबर

प्रिय मामा,

पार्सल पोचलं ना? पोस्टातला माणूस म्हणतो पोचलं. मग पत्र का नाही? माझं काही चुकलं का? मोठ्या बाईंना सगळं सांगितलं म्हणून रागावलास? आपल्या घरातली गोष्ट मी बाहेर नेली, असं वाटलं असेल तर माफ कर. पण राग असेल तर तो तरी लिहून पाठव.

भुंगी

२२ नोव्हेंबर

चि. भुंगीस,

राग वगैरे काही नाही. थंडी पडली, मोज्यांची गिऱ्हाइकं वाढली. मान वर करायला सवड नाही. साचा वाळतोय.

मामा

२९ नोव्हेंबर

प्रिय मामा,

एवढ्या दिवसांत वीट भाजून निघाली असती. साचा वाळलाय. तू घाबरलायस.

मीही घाबरले आहे, म्हणून मला कळतं. साच्याच्या आत जी पोकळी आहे, ती बरोब्बर मामीच्या हाताएवढी आहे. नखांसकट, शिरांसकट. तो फोडायचा म्हणजे ती शेवटची जागासुद्धा मोडायची, असंच वाटतं ना तुला? मला इथे बसून वाटतं. पण त्या पोकळीला हात लावता येत नाही मामा. त्यात बोट घातलं तर बोट मावतं, मामी सापडत नाही.

मी येऊ का? रजा मिळेल. तू ओत, मी नुसती शेजारी उभी राहीन. वाटलं तर तेही नाही, दुकानात बसून गिऱ्हाइकं सांभाळीन.

भुंगी

१३ डिसेंबर

चि. भुंगीस,

येऊ नकोस. झालं ओतून.

तू लिहिलंस ते अक्षरन् अक्षर खरं होतं. रोज साचा शेगडीजवळून उचलायचो, मनगटाच्या तोंडातून आत बघायचो आणि परत ठेवायचो. बुधवारी सकाळी विचार न करता उठलो, अंघोळ केली, स्वच्छ सदरा घातला आणि ओतलं. धार अगदी एकसारखी पडली. थंड होईपर्यंत मी दुकानात जाऊन मोज्याचा एक अंगठा शिवला. मग हातोडीने हळूहळू प्लास्टर फोडलं.

काय सांगू तुला! खळगा नाही, भेग नाही. तर्जनीवर सुईने पडलेला तो घट्टा, करंगळीचं वाकडं नख, सगळं. मी तिचा स्वतःचा मोजा काढला, काळा, मऊ झालेला, आणि चढवला. शिवणीला शिवण बसली. कुठे ढिला नाही, कुठे तट्ट नाही. तू तुझं काम असं केलंस की मामी गल्लीभर सांगत सुटली असती.

आणि मग मी तो हात हातात घ्यायला गेलो.

भुंगे, तो जड आहे. भयंकर जड. एका हाताने उचलायला मनगट दुखतं. तिचा हात कसा होता माहीत आहे ना? खांद्यावर ठेवला तर कळायचासुद्धा नाही. चालता चालता माझ्या हातात असायचा आणि रस्ता ओलांडला की मी बघायचो, आहे की सुटला. एवढा हलका. माप तंतोतंत आहे, पण हा तिचा हात नाही. थंडगार गोळा आहे तिच्या हाताच्या आकाराचा. फडक्यात गुंडाळून ठेवलाय. साचा तर फुटला. आता तोही नाही आणि हाही नाही.

तुला दोष देत नाही. लिहायचं नव्हतं, पण तू म्हणालीस लगेच कळव.

मामा

१९ डिसेंबर

प्रिय मामा,

मला स्वतःचीच लाज वाटते. रडू आलं, आणि मग रडता रडता हसूही आलं, कारण याला काय म्हणायचं? मी घनतेवर पगार खाते! वितळताना ती किती बदलते, याच्यामागे मी महिनोन् महिने धावले, आणि मुळात ती आहे किती हे एकदाही डोक्यात आलं नाही. ते पार्सल पोस्टात नेताना माझी कंबर धरली होती. तरी प्रकाश पडला नाही. तू मापाचा माणूस, मी बदलाची. वजनाचा विचार करायला आपल्या घरात एकच माणूस होतं, आणि तीच नव्हती.

पण ऐक, मार्ग आहे. मोठ्या बाईंनीच सुचवला. तो हात मला पाठव. त्याच्यावरून नवा साचा करता येईल, आकाराला धक्का लागणार नाही. मग धातू ओतायचा, बाहेरचं कवच गोठलं की मधला पातळ धातू उलटून ओतून काढायचा. आत पोकळ राहील. कवच पातळ ठेवलं तर खऱ्या हाताच्या वजनाच्या जवळ नेता येईल. मी मोजून करीन. या वेळी सगळं मोजीन.

नीट गुंडाळून पाठव. वाट बघते.

भुंगी

४ जानेवारी

चि. भुंगीस मामाचे अनेक आशीर्वाद,

हात पाठवत नाही. पोकळ करू नकोस. का ते सांगतो.

तुझं पत्र आलं त्याच दुपारी पार्सल बांधायला घेतलं. दुकान बंद होतं. खोका होता, चामड्याचे तुकडे होते भरायला, सुतळी होती. खुर्चीत बसलो आणि हात फडक्यातून काढून मांडीवर घेतला, आधी कुठली बाजू गुंडाळावी ते बघायला. खिडकीतून ऊन येत होतं. माझा डावा हात त्याच्याखाली होता. बसल्या बसल्या डोळा लागला.

स्वप्न असं काही पडलं नाही. नुसती ऊब. दुपार, आणि ती शेजारी बसून काहीतरी सांगतेय. कुणाचं तरी लग्न मोडलं, कुणाची तरी सून कशी गुणी. मी हं हं करतोय. आणि बोलता बोलता तिचा आवाज सुटा सुटा होत गेला, शब्दांत अंतर पडायला लागलं, आणि माझ्या हातातला तिचा हात जड झाला. जड होत गेला.

जागा झालो तेव्हा तो माझ्या तळव्यात तसाच होता. माझ्या अंगाने आणि उन्हाने तापलेला. आणि भुंगे, माझ्या हाताला आठवलं. मीच विसरलो होतो. जागेपणी तिचा हात हलका असायचा, कारण जागेपणी तिने कधी कुणावर भार टाकलाच नाही. ना माझ्यावर, ना तुझ्या आईवर, ना तुझ्यावर. ती झोपली की मगच तिचा हात खरा माझ्या हातात यायचा, सगळाच्या सगळा, आणि इतका जड व्हायचा की माझा हात खाली दबायचा. तिला हे कधीच माहीत नव्हतं. मी सांगितलं असतं तर तिने हात काढून घेतला असता, म्हणून मी कधी सांगितलं नाही.

मोठ्या बाईंना माझा नमस्कार सांग. म्हणावं, वजन बरोबर आहे.

संध्याकाळ होईपर्यंत मी तसाच बसलो होतो. हाताला मुंग्या आल्या, बोटं बधिर झाली, पण तिची झोप मोडू नये म्हणून मी हात काढला नाही.

तुझा मामा